चादरीसकट परत

आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कोणी तोंड घालायला नको. आमच्या घरात कुत्रा आहे, तो आमचा आहे आणि तो आमच्याकडेच राहणार आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपापल्या घरी बसावं. आमच्या इमारतीत असे बरेच जण आहेत आणि हल्ली ते आपापल्या घरीच बसतात.

आता पहिल्यापासून सांगते. मी कपबश्यांच्या कारखान्यात माल तपासते. भट्टीतून निघालेला कप उजेडात धरायचा, कडेवरून बोट फिरवायचं आणि नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला किंवा वाकडा दिसला तर बुडाला लाल खूण करून टोपलीत. टोपलीतला माल आम्हाला घरी न्यायला मिळतो. त्यामुळे आमच्या घरात कोणताही कप दुसऱ्यासारखा नाही. एकाचा कान वाकडा, एकाची नक्षी उलटी, आणि सासूबाईंचा कप टेबलावर ठेवला की थोडा वेळ डुलतो, मग स्थिर होतो. चहा मात्र सगळ्यांत सारखाच लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आमचा आवाज. कारखान्यात भट्टीचे पंखे दिवसभर घोंघावत असतात, त्यामुळे माझा आवाज कायमचाच वर चढून बसलाय. सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण ते त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. मुलगी सातवीत आहे आणि आम्हा दोघींवर गेली आहे. राहता राहिला नवरा. तो विमा कंपनीत आहे आणि हळू बोलतो, म्हणून त्याचं म्हणणं काय आहे ते घरात अजून कोणाला नीट कळलेलं नाही. आमच्याकडे मिठाची बरणी कुठे आहे एवढीच चौकशी चालू असली तरी जिन्यातल्या माणसाला वाटतं, आता पोलिसांना बोलवावं. पण आम्ही रागावलेलो नसतो. म्हणजे, नेहमीच नसतो.

तर या घरात एका रविवारी मुलीने जाहीर केलं, "मला कुत्रा हवाय." आणि ते सासूबाईंनाही पहिल्या फटक्यात ऐकू आलं, यावरून काय ते समजा.

"या घरात कुत्रा आला तर मी त्याच पावली बाहेर पडेन," त्या म्हणाल्या.

हेच त्या नवा टीव्ही आला तेव्हा म्हणाल्या होत्या, सोफा आला तेव्हा म्हणाल्या होत्या आणि, आता बोलायला लागलेच आहे तर, मी लग्न होऊन आले तेव्हाही म्हणाल्या होत्या. त्यामुळे तो मुद्दा तिथल्या तिथे निकालात निघाला. प्रश्न उरला एकच. कुत्रा आणायचा तो कसला?

हा प्रश्न आम्हाला पडायच्या आधी इमारतीला पडला, कारण आमच्या घरातलं काहीही इमारतीला आमच्याबरोबरच कळतं. खालच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. त्या म्हणाल्या, कुत्रा घ्या पण कोमल स्वराचा घ्या. मग अध्यक्ष आले. इमारतीचे अध्यक्ष निवृत्त आहेत. कशातून निवृत्त झाले ते कोणाला ठाऊक नाही, पण ते इतके निवृत्त आहेत की दिवसभर जिन्यातच असतात. ते म्हणाले, "पाळायला हरकत नाही. पण आपल्या इमारतीची एक पातळी आहे. काय आणाल ते जातिवंत आणा." आमचा जिना चढताना तिसऱ्या पायरीची फरशी हलते, ती गेली कित्येक वर्षं हलतेच आहे. पण पातळी आहे म्हणे.

आणि मग आल्या वन्सं. ह्यांची थोरली बहीण. त्यांच्याकडे एक जातिवंत कुत्रा आहे, त्याचं नाव युवराज. युवराज उकळलेलं पाणी पितो. युवराजला वाऱ्याची झुळूक सोसत नाही. युवराजची वंशावळ चौकट करून दिवाणखान्यात लावली आहे. माझ्या सासऱ्यांचा फोटो त्याच घरात आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला आहे.

"अगं, घ्यायचा तर चांगल्या घरातला घे," वन्सं म्हणाल्या. "रस्त्यावरचं उचलून आणशील आणि मग जन्मभर त्याचे गुण निस्तरत बसशील. माझ्या ओळखीचे एक पैदासवाले आहेत. माझं नाव सांग."

वन्संचं नाव सांगून आम्ही चौघं पैदासवाल्यांकडे गेलो. "मी काही येणार नाही," असं म्हणत सासूबाई सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या होत्या. तिथे पांढऱ्या टॉवेलवर पिल्लं मांडून ठेवली होती. हात लावायच्या आधी हात धुवायचे, चपला बाहेर, बोलायचं खालच्या पट्टीत. आम्हाला वाटलं आपण कुत्रा बघायला आलोय. पण बघण्याचा कार्यक्रम आमचाच होता. घरात गालिचा आहे का? दुपारी कोण असतं? खिडक्या कुठल्या दिशेला? "घरातलं वातावरण शांत आहे ना?" असं त्यांनी विचारलं. नवरा "तसं..." एवढंच म्हणाला, आणि तेवढ्यात सासूबाईंनी आपल्या मते कुजबुजत मला विचारलं, "एवढंसं उंदरासारखं पिल्लू, आणि त्याची हा माणूस एवढी किंमत सांगतो?"

टॉवेलवरची सगळी पिल्लं एकदम उठून उभी राहिली. एकाने टॉवेल ओला केला. पैदासवाल्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मग अतिशय सभ्य आवाजात आम्हाला सांगितलं की आमची पिल्लं नाजूक मनाची असतात, तुमच्या घरात मी पिल्लू देऊ शकत नाही.

मला हे समजायलाच वेळ लागला. मी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत माल नाकारते. मला कोणी नाकारण्याची ही पहिलीच वेळ. गाडीत बसल्यावर नवरा हळूच म्हणाला, "म्हणजे आपल्या बुडाला लाल खूण झाली." दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. त्या दिवशी मी म्हणाले, "गाडी फिरवा. निवाऱ्यात जाऊ. आत्ताच्या आत्ता."

गावाबाहेर, पाण्याच्या टाकीच्या मागे, टाकून दिलेल्या कुत्र्यांचा निवारा आहे. आत पाऊल टाकलं मात्र, चारी बाजूंनी असा काही भुंकण्याचा कल्लोळ उठला की एकमेकांशी बोलायला आम्हाला ओरडावं लागलं. म्हणजे नेहमीसारखंच. मला तर तिथे फार बरं वाटलं. तिथल्या बाई मोठ्या आवाजाच्या, कामाने रापलेल्या हातांच्या, आणि त्यांनी गालिच्याचं नाव काढलं नाही.

शेवटच्या पिंजऱ्यात एक कुत्रा भुंकत नव्हता. तपकिरी अंग, एक कान उभा, दुसरा मध्येच मोडलेला. जांभळ्या पट्ट्यांची एक चादर पुढच्या पायांखाली नीट घडी करून घ्यावी तशी ओढून घेऊन तो बसला होता. मी काय करणार, हाताला सवय. मी पिंजऱ्याच्या गजावर नखाने टिचकी मारली. तो उठला, आला आणि माझ्या बोटाला कपाळ लावून उभा राहिला.

"हाच," मुलगी म्हणाली.

"हा दोनदा परत आलाय," बाई म्हणाल्या. "पहिल्यांच्या सोफ्यावर त्याचे केस उठून दिसायचे. दुसऱ्यांच्या घरात काहीतरी बिनसलं. म्हणून आधीच सांगते, नीट ऐका. आम्ही प्रत्येक कुत्र्याबरोबर त्याची चादर देतो. परत आणायचा झाला तर चादरीसकट आणायचा. नुसता कुत्रा मी घेत नाही, कारण आपल्या वासाची चादर नसली की तो इथे वेडापिसा होतो. आणि हा आता पुन्हा आला, तर मी त्याला परत कोणाच्या घरी देणार नाही. दोनदा पुरे झालं. मग तो जन्मभर मागच्या आवारात."

"आम्ही परत आणणाऱ्यांतली माणसं नाही," मी ठणकावून सांगितलं.

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. त्यात टोमणाही नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी दारातच विचारलं, "किती दिवसांचा पाहुणा आहे हा?" मुलीने त्याच क्षणी त्याचं नाव पाहुणा ठेवलं. आणि सासूबाई, घर सोडून जायचं म्हणून आत गेल्या होत्या, त्या त्याच्यासाठी दुधाची वाटी घेऊन बाहेर आल्या. "उपाशी कशाला जाईल बिचारा," असं त्या म्हणाल्या. कोण कुठे जाणार होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पाहुणा गुणी निघाला. काही कुरतडलं नाही, कुठे घाण केली नाही, भुंकला तर मुळीच नाही. त्याची एकच खोड होती. मध्येच उठायचा, चादर तोंडात धरून ओढत ओढत दारापर्यंत न्यायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा. आम्हाला वाटलं, याला बाहेर जायचंय. की मी त्याला खाली न्यायची. परत येऊन नवऱ्याशी दोन शब्द बोलते न बोलते तोच हा पुन्हा दारात. की मुलगी खाली न्यायची. दिवसभर आमच्यातलं कोणी ना कोणी त्याला घेऊन जिन्यात. अध्यक्ष जिन्यातच असल्यामुळे त्यांना प्रत्येक फेरी दिसायची. सासूबाईंनी निदान केलं की याचं मूत्राशय कमजोर आहे. गुरांचे डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, तुम्हीच दमलेल्या दिसता.

शेवटी मी निवाऱ्यातल्या बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो उठतो तेव्हा घरात काय चाललेलं असतं?"

"काही नाही हो! साधं बोलत असतो आम्ही!"

"असंच बोलत असता का?" त्यांनी फोन कानापासून लांब धरला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून आला. "अहो, तो ज्या दुसऱ्या घरात होता तिथे नवराबायकोची रोज भांडणं. एक दिवस फार मोठं भांडण झालं, सामानाची वाटणी झाली आणि हा कोणाच्याच वाट्याला आला नाही. आवाज चढले की आपल्याला परत जायचंय, असं त्याला वाटतं. तो बाहेर फिरायला जायला दारात बसत नाही, बाई. तो निघण्याच्या तयारीत बसतो."

मी फोन ठेवला आणि पाहुण्याकडे बघितलं. तो दारातच होता. मी फोनवर ओरडले होते ना! आपण किती दिवस त्याला पुन्हा पुन्हा हाकलत होतो आणि वर पट्टा लावून खाली नेत होतो, हे लक्षात आल्यावर मला रडू आलं. ते मी नळ सोडून आटोपलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात कुजबुज सुरू झाली. कोणी आवाज चढवायचा नाही, असा ठरावच झाला. आता तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? कुजबुजत भांडून बघा एकदा. "तुम्ही टॉवेल पुन्हा पलंगावर टाकलात," हे वाक्य कानात सांगितलं की त्यातला सगळा जीवच जातो. त्यात नवऱ्याची चांदी झाली. आयुष्यभर हळू बोललेला माणूस, त्याला एकदम सगळ्यांच्या बरोबरीचा आवाज मिळाला आणि त्याच्याकडे मतंही आहेत असं आढळून आलं. सासूबाईंना मात्र आता काहीच ऐकू येईना. त्यांची खात्री पटली की आम्ही त्यांच्याबद्दलच बोलतोय. त्यांना तसं नाही हे पटवायला आम्ही त्यांच्या कानाशी जाऊन कुजबुजायचो, तर त्या म्हणायच्या, "मोठ्याने बोला की! चोरून काय बोलता?" आणि पाहुणा उठून चादर उचलायचा.

इमारत तर हादरलीच. खालच्या गाणाऱ्या बाई दोन दिवसांत वर आल्या. त्यांचा सकाळचा रियाज म्हणे आमच्या पहिल्या आरडाओरड्यावर सुरू व्हायचा, हल्ली त्यांना उठायला उशीर होतो. माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "बोलणं बंद झालंय का तुमच्यात? बोला गं. बोलून मोकळ्या व्हा. एवढ्या वर्षांचा संसार असा मोडू नका." समोरच्यांनी एका वकिलांचा पत्ता दिला. अध्यक्षांनी ह्यांना जिन्यात गाठून पाठीवर हात ठेवला. आम्ही ओरडत होतो तेव्हा कोणाला काळजी नव्हती. सुखाने गप्प बसलो तर घटस्फोटाची बातमी!

आणि एवढ्यावर थांबतील तर ते अध्यक्ष कसले. ते म्हणाले, "घरात क्लेश आहे, त्यात हा असला कुत्रा. याचा परवाना काढलाय का? नियम आहे. परवाना असलेला तो पाळीव, नसलेला तो भटका. भटका प्राणी इमारतीत चालणार नाही."

नवरा रजा टाकून परवान्याच्या कार्यालयात गेला. खिडकीतल्या कारकुनांनी अर्ज बघितला आणि परत सरकवला. जातीचा रकाना मोकळा होता.

"याला जात नाही," नवरा म्हणाला.

"रकाना मोकळा चालत नाही."

"मग मिश्र लिहू?"

"मिश्र आमच्या यादीत नाही. जात नसल्याचा दाखला आणा डॉक्टरांचा."

नवरा गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, जे आहे त्याचा दाखला मी देतो, जे नाही त्याचा कसा देऊ? नवरा पुन्हा खिडकीत. कारकून म्हणाले, मग पलीकडच्या खिडकीत जा. पलीकडच्या खिडकीत भटके कुत्रे धरून नेण्याची नोंद होत होती. तिथल्या माणसाने मात्र ह्यांना खुर्ची दिली, अगदी आपुलकीने पत्ता विचारला आणि गाडी कधी पाठवू असंही विचारलं. नवरा तिथून पळत सुटला तो थेट घरी आला.

ही बातमी वन्संपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी त्या आल्या, हातात एक टोपली आणि बरोबर अध्यक्ष. टोपलीत युवराजचं पिल्लू.

पिल्लू गोड होतं, खोटं कशाला बोलू. लोकरीचा गुंडा आणि त्यात दोन डोळे. मुलीने त्याला उचललं, त्याने तिची हनुवटी चाटली आणि ती हसली. वन्संनी माझ्याकडे असं बघितलं, की झालं, जिंकले मी.

मी चहा आणला. अध्यक्षांपुढे गेलेला कप डुलत होता, ते तो थांबायची वाट बघत बसले. पाहुणा टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपला होता. घरात कुजबुजीचा नियम होता, त्यामुळे आलेल्या दोघांनीही आपोआप आवाज खाली आणला होता.

"हे बघा, कोणाचं मन दुखवायचं नाही," अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले. "पण नोटीस काढायची वेळ माझ्यावर आणू नका. हे पिल्लू आणा, कागद आहेत, परवाना लगेच मिळेल. सगळे खूश."

"तुला मी हे असंच देतेय हो," वन्सं ह्यांना म्हणाल्या. "आपल्याच घरचं आहे. आणि त्या कुत्र्याला परत दे. त्याला काय, सवय आहे त्याची."

नवरा माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "निदान विचार तरी..."

मी खाली बघितलं. पाहुणा झोपेत पाय हलवत होता. बिचाऱ्याला वाटत होतं सगळं ठीक आहे, कारण कोणी ओरडत नव्हतं. त्याला घालवायचं इतक्या गोड आवाजात चाललं होतं की त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"तुम्हाला वाईटपणा नको," वन्सं उठल्या. "मीच जाता जाता सोडते त्याला. चादर-बिदर काय असेल ती द्या." आणि त्यांनी वाकून टेबलाखालची चादर ओढली.

"हात लावायचा नाही!"

इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, ते सगळं एकदम बाहेर पडलं. खिडकीची काच वाजली. टोपलीतला टॉवेल ओला झाला तो नक्की तेव्हाच. "आमच्या घरात येऊन आमचा माणूस उचलून न्यायला निघालात? सवय आहे म्हणे! लाथ खायची सवय असली म्हणून काय लाथ घालायची? वाकडा तर वाकडा! तुम्ही आत्ता ज्या कपातून चहा प्यालात तो काय सरळ आहे? आणि पातळीचं सांगता ना अध्यक्ष, आधी ती तिसरी पायरी बसवा!"

बोलता बोलता मला दिसलं. पाहुणा उठला होता. त्याने वन्संच्या हातातून सुटलेली चादर तोंडात धरली, ओढत ओढत दारापाशी नेली आणि आमच्याकडे पाठ करून बसला. मी त्याच्यासाठी ओरडत होते, आणि त्याला वाटलं त्याची वेळ आली.

मी दाराशी गेले, खाली बसले आणि त्याच्या तोंडातून चादर हळूच सोडवून घेतली. त्याने ती मुकाट्याने दिली. मग मी चादरीची दोन टोकं धरली आणि जोर लावून ओढली. ती फाटेना. काठ पक्का शिवलेला होता.

"कात्री!" मी म्हणाले.

मुलगी पिल्लू आत्याच्या हातात देऊन धावली. मी काठाला कात्री लावली, आणि तेवढ्यात नवरा उठून आला. मला वाटलं, आता मला समजावणार. त्याने चादरीचं दुसरं टोक मुठीत पकडलं आणि आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ओढ!"

टर्र् करून चादर दुभंगली. आम्ही दोघांनी मिळून तिची फडकी केली. फरशीची, खिडक्यांची, गाडीची. मुलगी प्रत्येक तुकडा मोजल्यासारखा हातात घेत होती. वन्सं म्हणाल्या, "अरे, वेड लागलंय का तुम्हाला? आता त्याला परत कोण घेईल?"

"कोणी नाही!" मी म्हणाले. "चादर नाही तर परत नाही. त्यांचा नियमच आहे. आणि नियम तर तुम्हाला फार प्रिय आहेत ना अध्यक्ष?"

सासूबाईंनी एवढा वेळ सगळं बघितलं होतं. किती ऐकलं होतं ते देव जाणे. त्या उठल्या, "चष्म्यापुरता एक तुकडा मलाही दे" म्हणाल्या, आणि अंगावरची शाल काढून त्यांनी पाहुण्याच्या पुढ्यात टाकली. ही शाल त्या कोणाला हात लावू देत नाहीत. मला तर धुवायलाही देत नाहीत. "बस यावर," त्या त्याला म्हणाल्या. "ही शाल या घरातून कुठे जात नाही. मीच गेले नाही अजून."

पाहुण्याने शाल हुंगली, फडक्यांकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग शालीवर जाऊन बसला, पण कान उभा ठेवून.

दुसऱ्या दिवशी परवान्याच्या खिडकीत मी स्वतः गेले. अर्जात नावापुढे "पाहुणा" लिहिलं आणि जातीच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, "घरचा". कारकुनांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मी रोज कपाच्या कडेवरून फिरवते तसंच. कुठे मोकळं सापडलं नाही, आणि यादी काही त्यांनी काढली नाही. त्यांनी शिक्का मारला.

परवाना मी अध्यक्षांना जिन्यातच दाखवला. ते तो बराच वेळ वाचत होते. युवराजचं ते पिल्लू शेवटी त्यांनीच घेतलं, आणि ते त्यांनी काढलेल्या नोटिसा खातं असं ऐकते. त्यात पिल्लाचा दोष नाही.

आमच्या घरातली कुजबुज बंद झाली. मीच ठराव मागे घेतला. म्हटलं, आपण आहोत तसे आहोत, याला खोटं कशाला सांगायचं? आवाज चढला म्हणून या घरातून कोणी जात नाही, हे त्याला कधीतरी कळायलाच हवं. पहिले काही दिवस तो उठायचा, चादर शोधायचा, मिळायची नाही. मग नुसताच दारात जाऊन बसायचा, आणि भांडण संपलं तरी सगळे इथेच आहेत हे बघून परत यायचा.

आणि मग परवा टॉवेल. पलंगावर, ओला, नेहमीच्या जागी. मी सुरू झाले. नवऱ्याला आता आवाज सापडलाय, त्यामुळे तोही सुरू झाला. सासूबाई मुलाच्या बाजूने उतरल्या, मुलगी माझ्या. ऐन रंगात आलं असताना पाहुणा शालीवरून उठला. आम्ही सगळे एकदम गप्प झालो. तो दाराकडे दोन पावलं गेला, थांबला, वळला, आमच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि भुंकला.

आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. नवऱ्याकडे तोंड करून भुंकला. म्हणजे माझ्या बाजूने. निदान मी तरी तसंच समजते. मग सासूबाई त्याच्यावर ओरडल्या, तो त्यांच्यावर भुंकला, आणि पाचही जण एकाच वेळी बोलत असताना खालून गाणाऱ्या बाईंचा तंबोरा लागला.

संध्याकाळी अध्यक्षांची चिठ्ठी आली. "आपला कुत्रा भुंकतो. खुलासा करावा." मी तिच्यामागेच उत्तर लिहून परत पाठवलं. "भुंकणारच. त्याचं घर आहे."